खाडीच्या पाण्याचं गेट : ग्राफीन ट्रान्झिस्टरच्या प्रकल्प नोंदी

रत्नागिरी. टीवायबीएस्सी, भौतिकशास्त्र. वही लॅबच्या कपाटात ठेवलेली असते; नोंदी माझ्या, रीडिंग्ज बहुतेक पोरांची.

२ डिसेंबर २०२४

पार्सल आलं. आत तांब्याचा पातळ पत्रा, २५ मायक्रॉन जाडीचा, हाताच्या पंजाएवढा. त्यावर सीव्हीडीने वाढवलेलं एकथरी ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा. सीव्हीडी म्हणजे भट्टीत हजारेक अंश सेल्सियसला मिथेन सोडायचा, कार्बन तांब्यावर बसतो आणि एक थर पुरा झाला की वाढ जवळपास आपोआप थांबते. तांब्याची ही खुबी २००९ साली टेक्सासच्या गटाने दाखवली. ती सापडली नसती तर आमच्यासारख्या कॉलेजच्या हाताला हे कधी लागलंच नसतं.

लॅबमधल्या काकांनी पत्रा उजेडात धरून उलटसुलट केला. "सर, हेच्यात काय दिसत नाय ओ." बरोबरच आहे. एक थर पांढऱ्या उजेडातला फक्त २.३ टक्के शोषतो, आणि इथे तर तोही तांब्यावर बसलेला.

यंदाचा प्रकल्प ठरला तो असा. दरवर्षी चोरघंटा आणि मातीचा ओलावा, तेच तेच होतं. यंदा ट्रान्झिस्टर स्वतः बनवायचा. चॅनेल, म्हणजे करंट वाहायची वाट, ग्राफीनची; आणि तो करंट कमी-जास्त करणारा नळ, म्हणजे गेट, भाट्ये खाडीचं पाणी. समुद्राचं पाणी घेणं ही हौस नाही. सिलिकॉन ऑक्साइडचा ३०० नॅनोमीटर थर गेटसाठी वापरला तर त्याची धारिता (भार साठवायची क्षमता) चौरस सेंटिमीटरला साधारण ११.५ नॅनोफॅरड येते, आणि वक्र (गेटचा व्होल्ट फिरवला की करंट कसा बदलतो तो आलेख) पाहायला गेटवर पन्नास-साठ व्होल्ट चढवावे लागतात. खाऱ्या पाण्यात आयन पृष्ठभागाला अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत येऊन भिडतात, त्यामुळे धारिता काही मायक्रोफॅरडपर्यंत जाते. एका व्होल्टच्या आत काम होतं. वेफर नको, क्लीनरूम नको. मीठपाणी आणि एक चांदीची तार पुरे.

९ डिसेंबर

स्पिन कोटर (गरगर फिरवून पातळ थर पसरवणारं यंत्र) म्हणून कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा जुना पंखा. मधोमध दुहेरी चिकटपट्टी, वर तांब्याचा तुकडा, त्यावर अ‍ॅनिसोलमध्ये विरघळवलेल्या पीएमएमएचे, म्हणजे ग्राफीनला आधार देणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकचे, दोन थेंब. भोवती बिस्किटांचा पत्र्याचा डबा, नाहीतर थेंब भिंतीवर. थर एकसारखा बसला.

पत्र्याच्या मागच्या बाजूलाही ग्राफीन असतं. ते झिरो नंबरच्या पॉलिशपेपरने घासून काढलं. तसंच सोडलं तर तांबं विरघळल्यावर मागचे तुकडे पुढच्या थराला येऊन चिकटतात.

११ डिसेंबर

तांबं खायला फेरिक क्लोराइड हाताशी होतं (पीसीबीसाठी आणलेलं), पण ते लोखंडाचे कण मागे सोडतं. म्हणून अमोनियम परसल्फेट, ०.१ मोलर. तुकडे रात्रभर तरंगत ठेवले. सकाळी द्रावण फिकट निळं झालेलं, आणि पाण्यावर पीएमएमएचा पारदर्शक चौकोन. ग्राफीन त्याच्या पोटाला.

मग उचलणं. हा भाग लिहून ठेवतो, पुढच्या बॅचला लागेल. जुन्या ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) ट्रान्सपरन्सीच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. ती पीईटी प्लॅस्टिकचीच असते. इंकजेटवाली मात्र घ्यायची नाही, तिच्यावर शाई धरणारा लेप असतो. पट्टी तिरकी करून पाण्यात खाली न्यायची, चौकोनाखाली आणायची आणि एक कड पट्टीला टेकली की सावकाश वर काढायची. पातेल्यातली साय न मोडता चमच्यावर घ्यावी तसं. ज्या मुलीच्या हाताला हे पहिल्या झटक्यात जमलं तिने घाईघाईने दुसरा उचलला आणि त्याची घडी पडली. घडी पडलेला तुकडा पुन्हा उलगडत नाही. तो बाजूला ठेवला, चांदीच्या पेस्टचा सराव करायला.

डिस्टिल्ड वॉटरच्या तीन ताटल्यांत एकामागून एक धुतलं. इथल्या हवेत पट्टी आपली आपण वाळत नाही. फिल्मखाली पाण्याचा पापुद्रा राहतो आणि अ‍ॅसिटोनने पीएमएमए काढायला गेलं की तिथेच भोक पडतं. म्हणून आधी उभी ठेवून निथळवली, मग हॉटप्लेटवर ६० अंशांना ठेवली. त्याच्या वर न्यायचं नाही, सत्तरीच्या पुढे पीईटी वाकायला लागतं.

१६ डिसेंबर

पट्टीवर ग्राफीन आहे की नाही, ते मल्टिमीटरच सांगतो. ५ मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर लांब पट्टा. दोन टोकांना चांदीची पेस्ट, त्यावर तांब्याची टेप. १.४ किलोओहम. चार टोकांनी, म्हणजे सांध्यांचा रोध वगळून, मोजलं तर चौकोनामागे ४८० ओहम. पट्टा दोन चौकोनांचा, म्हणजे ९६० ओहम ग्राफीनचे. उरलेले चारेकशे चांदी आणि ग्राफीन जिथे भेटतात तिथले. एक अणू जाडीच्या पदार्थात धातूतून विद्युतभार आत घुसवणं हेच अर्धं दुखणं. कंपन्यांतले लोकही त्याच्याशीच झगडतात, आपण चांदीच्या पेस्टवाले तर काय.

पट्ट्यावर हलकी फुंकर मारली की आकडा हलतो. पोरांना हा खेळच झाला. बोट जवळ नेलं तरी हलतो, अ‍ॅसिटोनची बाटली उघडली तरी हलतो. २००७ साली मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर वायूचा एकेक रेणू बसताना-उठताना मोजला तो याच गुणावर. या पदार्थाला आत असं काही नाही. जो आहे तो पृष्ठभागच. सिलिकॉनच्या पट्टीत वरून काय बसलं याने पोटातल्या इलेक्ट्रॉनला फारसं बिघडत नाही; इथे प्रत्येक इलेक्ट्रॉन उघड्यावर.

मला हे चांगलंही वाटतं आणि भीतीही वाटते. आपण मोजू ते ग्राफीन असेल की त्याचे शेजारी, हे प्रत्येक वेळी वेगळं काढावं लागणार. वर्षभर हेच काम आहे असं पोरांना सांगून ठेवलं.

६ जानेवारी २०२५

सर्किट. एमसीपी ६००२ ऑप-अँप, १० किलोओहमचा फीडबॅक, गेटसाठी १२ बिटचा डॅक (आकड्यातून व्होल्ट बनवणारा), वाचायला १६ बिटचा एडीसी (व्होल्टचा आकडा करणारा), मागे आर्डुइनो. ड्रेन आणि सोर्स ही पट्ट्याची दोन टोकं. ड्रेनला ५० मिलिव्होल्ट फक्त. सोर्स जमिनीला न लावता १ व्होल्टवर टांगला, म्हणजे एकाच पुरवठ्यावर गेट उणेही नेता येतो. पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण वक्रावर दिसते. बॅटरीवर चालवलं की जाते. विषय संपला.

८ जानेवारी

चांदीची तार. शहरातल्या एका सोनाराकडून शुद्ध चांदीची तार ओढून आणली. दागिन्याच्या चांदीत तांबं असतं, ती चालत नाही. तार एसीटोनने पुसून घरगुती ब्लीचमध्ये बुडवली. पांढरी चकाकी जाऊन आधी करडा, मग जांभळट तपकिरी रंग चढतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा लेप. आता ही तार क्लोराइडच्या पाण्यात ठरावीक विभव धरून बसते. ठरावीक म्हणजे पाण्यातल्या क्लोराइडनुसार ठरावीक. वहीत याच्याखाली रेघ मारून ठेवली.

१३ जानेवारी

पट्ट्यावर पाण्याचा थेंब राहील एवढी खिडकी सोडून बाकी सगळं बुजवायचं. चांदीच्या पेस्टला पाणी लागलं तर गेटचा करंट तिथूनच गळतो. हार्डवेअरच्या दुकानातला आंबूस वासाचा सिलिकॉन घेतला नाही, तो वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो. न्यूट्रलवाला मिळाला. नेलपॉलिशवरही एक पट्टी केली. तासाभरात तिच्या कडा सुटल्या.

गेटच्या वाटेत १०० किलोओहमचा रोध टाकून गळती मोजायची सवय लावली. काही नॅनोअँपियर असेल तर पुढे जायचं. मायक्रोअँपियर दिसला तर पट्टी बाद, वक्र कितीही सुरेख येवो.

१५ जानेवारी

पहिला नीट वक्र.

सकाळी ऐन भरतीला भाट्ये पुलाच्या तोंडाकडून पाणी आणलं. काजळी नदीचं पाणी जानेवारीत अगदीच कमी, त्यामुळे भरतीला तिथे जवळजवळ समुद्रच. फिल्टरपेपरमधून गाळून घेतलं. खिडकीत थेंब, थेंबात तार, गेट उणे ०.२ पासून ०.८ व्होल्टपर्यंत, सेकंदाला १० मिलिव्होल्ट.

करंट उतरत गेला, ०.२४ व्होल्टला तळ गाठला, आणि पुन्हा चढला. इंग्रजी व्हीचा आकार, पुस्तकात असतो तसा, फक्त तळ गोलसर. तळाच्या डावीकडे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन भारासारख्या) वाहतात, उजवीकडे इलेक्ट्रॉन. एकाच पट्टीत दोन्ही, गेट फिरवला की बदली. पोरं इतकी गप्प मी लॅबमध्ये कधी पाहिली नव्हती. काकांनी स्क्रीन बघून एवढंच विचारलं, "मग आता ह्यो ट्रान्झिस्टर बंद कधी व्हतो?"

त्यांनी नेमकं दुखरं तेच विचारलं.

१७ जानेवारी

काकांच्या प्रश्नावर पूर्ण तास घेतला. फळ्यावरचं इथे थोडक्यात.

आमच्या पट्टीत जास्तीत जास्त आणि कमीत कमी करंटचं गुणोत्तर चारच्या आसपास. मोबाईलमधल्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं लाखाच्या घरात किंवा त्याहून जास्त. चारपट म्हणजे नळ पूर्ण फिरवूनही पाव धार चालूच. अब्जावधी नळ असे गळायला लागले तर फोन हातात धरवणार नाही.

हे आमच्या हातच्या कामामुळे नाही. १९४७ साली फिलिप वॉलेस यांनी ग्राफाइटच्या एका थराचं बँड-गणित, म्हणजे इलेक्ट्रॉनला कुठल्या ऊर्जा चालतात त्या पट्ट्यांचं गणित, मांडलं. तेव्हा त्यांना ट्रान्झिस्टर नको होता, ग्राफाइट समजून घ्यायचा होता. षटकोनी जाळीत दोन-दोन कार्बन अणूंचा एकक. त्यातून निघणारे दोन बँड एका बिंदूत टेकतात, मध्ये फट नाही. सिलिकॉनमध्ये १.१ इलेक्ट्रॉनव्होल्टची फट आहे, गेटने इलेक्ट्रॉनची पातळी तिच्यात आणून ठेवली की करंट थांबतो. ग्राफीनमध्ये थांबायला जागा नाही. टेकण्याच्या बिंदूवरही वाहकता शून्य होत नाही. शिवाय खालच्या पीईटीतले आणि पाण्यातले भार जागोजागी होल आणि इलेक्ट्रॉनची डबकी करतात, म्हणून आमचा तळ गोल.

मग टीवायच्या एकाने विचारलं, "सर, मग नोबेल कशाला दिलं?" २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून सोलत सोलत एक थर वेगळा केला, गेट लावला आणि वक्र छापला, २०१० साली नोबेल. ते ट्रान्झिस्टरच्या धंद्यासाठी नव्हतं. एका अणूच्या जाडीचा पदार्थ उघड्या हवेत टिकतो, आणि त्यातले इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखे, प्रकाशाच्या तीनशेव्या हिश्श्याच्या वेगाने जातात, हे टेबलावर मोजता आलं. आणि गतिशीलता (विजेच्या ओढीला भार किती चपळ पळतात ते) म्हणाल तर सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची साधारण १,४०० (सेंटिमीटर वर्ग प्रति व्होल्ट-सेकंद). टांगलेल्या स्वच्छ ग्राफीनमध्ये थंड करून २,००,००० मोजली गेली आहे.

गतीचा फायदा घेतलाही आहे. आयबीएमने २०१० साली १०० गिगाहर्ट्झचा ग्राफीन ट्रान्झिस्टर दाखवला. रेडिओ-लहरींच्या कामाला बंद होणं तेवढं लागत नाही, पळणं लागतं. फट पाडायचे प्रयत्नही झाले: फीत इतकी अरुंद कापायची की इलेक्ट्रॉन कोंडेल, पण मग कापलेल्या कडा गती खातात, किंवा दोन थर घेऊन उभं क्षेत्र लावायचं. २०२४ च्या सुरुवातीला जॉर्जिया टेकच्या वॉल्ट डी हीर यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडवरच्या थरात ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टची फट आणि ५,००० च्या वरची गतिशीलता दाखवली. मला हे सगळ्यांत आशेचं वाटतं. तरीही "सिलिकॉन संपलं" छापाच्या बातम्या पोरांनी मला पाठवू नयेत अशी विनंती केली. त्या दर दोन वर्षांनी येतात.

२७ जानेवारी

तीन पट्ट्या मुंबईच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत रामन स्पेक्ट्रमसाठी (लेसरचा विखुरलेला उजेड तपासून जाळी ओळखायची पद्धत) पाठवल्या होत्या. उत्तर आलं. १५८० ला (एकक प्रति सेंटिमीटर) जी शिखर, २७०० च्या आसपास टूडी, आणि टूडी जीच्या दुपटीहून उंच. थर एकच आहे. १३५० चं डी शिखर लहान, पण आहे; एका पट्टीत इतरांपेक्षा मोठं. म्हणजे जाळीत मोडतोड आहे, बहुधा उचलतानाची.

एक दिसलं ते सांगतो. १९२८ साली कोलकात्यात रामन यांनी जो परिणाम पाहिला, तो आज एक थर की दोन एवढं ओळखायला जगभर रोज वापरतात. पोरांना रामन माहीत आहेत ते विज्ञान दिनाच्या रांगोळीतून.

१० फेब्रुवारी

आता मुख्य काम. मे महिन्यात खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात. वरून पाऊस नाही, पंपांनी गोडं पाणी उपसलेलं, आणि जांभ्यातून खाडी आत सरकते. आमच्या पट्टीला खारं आणि गोडं ओळखता येतं का, हा पोरांचा प्रश्न. त्यांच्यापैकी एकीच्या काकूंची विहीर भाट्येच्या अलीकडे, नारळीच्या आगरात. तिथलं आजचं पाणी केमिस्ट्रीवाल्यांनी मोहर पद्धतीने (सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने, विटकरी रंग येईपर्यंत) मोजून दिलं: क्लोराइड लिटरला ९० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा २५०. सध्या गोडं.

१८ फेब्रुवारी

खाडीचं पाणी डिस्टिल्ड वॉटरने दहापट, मग शंभरपट पातळ केलं. प्रत्येक वेळी वक्र. तळ उजवीकडे सरकत गेला. शंभरपटीला एकूण १४० मिलिव्होल्ट. आलेख सरळ रेषेत. पोरं पोस्टरचा मथळा ठरवायला लागली.

म्हटलं थांबा, वहीत ८ जानेवारीखाली रेघ कसली आहे ते वाचा.

२१ फेब्रुवारी

हिशोब त्यांनीच केला. क्लोराइड दहापट कमी झाला की तारेचं विभव ५९ मिलिव्होल्टने वर जातं. शंभरपटीला ११८. पण खाऱ्या पाण्यात आयन एकमेकांना अडवतात, त्यामुळे सक्रियता (तारेला प्रत्यक्ष जाणवणारं प्रमाण) मोजणीपेक्षा कमी असते. तो हिशोब धरला तर साधारण ११०. म्हणजे १४० पैकी ११० सोनाराच्या तारेचे. ग्राफीनचा त्यात हात नाही.

उरलेले तीस कोणाचे, ते बघायला तार पाण्यापासून वेगळी करायची.

२४ फेब्रुवारी

सॉल्ट ब्रिज. किराणा दुकानातलं चायनाग्रास, म्हणजे आगर-आगरच. पोटॅशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणात घालून उकळवलं, पारदर्शक झालं की सिरिंजने बारीक प्लॅस्टिक नळीत ओढलं. नळीत बुडबुडा राहिला तर ब्रिज तुटलाच. तिरकी धरून हळू ओढायचं. थंड झाल्यावर जेली घट्ट बसते, नळी उलटी केली तरी गळत नाही. तार आता नेहमी पोटॅशियम क्लोराइडच्या बाटलीत राहते, नळीचं दुसरं टोक थेंबात. तारेला बाहेर खाडी आहे की विहीर हे कळायचं कारण नाही.

लॅबमध्ये चायनाग्रासचा वास सुटला तेव्हा शेजारच्या बॉटनीवाल्यांनी डोकावून विचारलं, आज काय प्रसाद आहे?

२८ फेब्रुवारी

ब्रिज लावून तेच पाणी, तेच पातळ करणं. शंभरपटीला सरक ३२ मिलिव्होल्ट. दुसऱ्या पट्टीवर २७. तिसऱ्यावर ४१, आणि ही तीच जिचं डी शिखर मोठं होतं.

माझं वाचन असं. खालच्या पीईटीवर आणि पीएमएमएच्या उरलेल्या चिकट थरावर उणे भार असतो. समुद्राच्या पाण्यात आयन इतके दाट की हा भार ०.३६ नॅनोमीटरच्या आत झाकला जातो. गंमत म्हणजे ग्राफाइटच्या दोन थरांमधलं अंतरही ०.३३५ नॅनोमीटर, जवळजवळ तेवढंच. पाणी पातळ केलं की झाकण सैल होतं, साडेतीनेक नॅनोमीटरपर्यंत, आणि ग्राफीनला तो भार जाणवायला लागतो. म्हणजे हे तीसही ग्राफीनच्या शेजाऱ्यांचेच. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गटाने २०११ साली दाखवलं होतं की स्वच्छ ग्राफीन पाण्याच्या पीएचलाही जवळपास दाद देत नाही. दाद देतात त्यातले दोष आणि आजूबाजूचे ऑक्साइड. आमच्या तीन पट्ट्यांचा क्रम त्याच्याशी जुळतो.

पोस्टरचा मथळा मागे घेतला गेला. पोरं हिरमुसली. मला उलट हा प्रकल्पाचा सगळ्यांत चांगला दिवस वाटला, पण ते त्यांना आज पटणार नाही.

१२ मार्च

परीक्षा. काम बंद. पट्ट्या पाण्यात ठेवून जाऊ नका असं दारावर लिहिलं.

७ एप्रिल

बेसलाइन. नव्या पट्टीवर थेंब टाकला की पहिला अर्धा तास तळ आपला आपण सरकत राहतो, २० मिलिव्होल्टपर्यंत. गेट पुढे नेताना आणि मागे आणताना तळ वेगळा. दोन्हींवर उपाय एकच, थांबणं. आधी भिजवायचं, मग मोजायचं, आणि दोन्ही दिशांची सरासरी. घाई करणाऱ्याला या पट्टीतून हवा तो निष्कर्ष काढता येईल, हे तिचं खरं वैगुण्य.

एकीने विचारलं की मग २०२० साली कोरियातल्या गटाने ग्राफीनवर कोविडचा विषाणू कसा ओळखला? त्यांनी ग्राफीनवर विषाणूवरच्या काट्यांना धरणारी प्रतिपिंडं बांधली होती. ओळखणारं प्रतिपिंड, ग्राफीन फक्त त्याने आणलेला भार वाचतं. तिथेही झाकणाची अडचण आहेच: प्रतिपिंड दहाएक नॅनोमीटर लांब आणि रक्तासारख्या द्रावात झाकण पाऊण नॅनोमीटरचं. म्हणून असे लोक द्रावण पातळ करून मोजतात. हे तिला चटकन कळलं, कारण पातळ करून काय होतं हे तिने स्वतः मोजलेलं होतं. तिला पुढे यातच काम करायचं आहे. कोचीच्या इंडिया इनोव्हेशन सेंटर फॉर ग्राफीनबद्दल सांगितलं. केरळ डिजिटल विद्यापीठ आणि त्रिशूरची सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था) यांचं आहे.

१४ मे

काकूंची विहीर. दुपारी ओहोटीला गेलो, पाणी बरंच खाली. टीडीएस पेनवर (विरघळलेले क्षार दाखवणारं) १,४०० पीपीएमच्या आसपास. काकूंनी आधी सरबत दिलं, मग पेनकडे बघून म्हणाल्या, "सर, मे लागला की ह्या पाण्यात डाळ शिजत नाय. आम्ही तेव्हाच वरच्या वाडीतून पाणी आणायला लागतो." डाळीचं कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि समुद्राबरोबर मॅग्नेशियम येतंच. म्हणजे काकूंची चाचणी आमच्यापेक्षा जुनी आणि वेगळंच काही मोजणारी.

१५ मे

केमिस्ट्रीकडून क्लोराइड ५२०. विटकरी रंग कुठे धरायचा यावर त्यांच्यात वाद झाला, म्हणून दोघांची सरासरी. स्वीकार्यच्या दुप्पट, पण दुसरं पाणीच नसेल तर मानक १,००० पर्यंत चालवून घेतं.

आधी फळ्यावर भाकीत मांडलं, मग मोजलं. नुसती तार थेंबात: खाडीच्या तुलनेत तळ सरकायला हवा तारेमुळे ८५ आणि शेजाऱ्यांमुळे विसेक. मोजला १०९. ब्रिज लावून: भाकीत विसेक, मोजला २६. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, पण दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले गेले.

आता सरळ बोलू. विहीर मचूळ झाली का, एवढंच कळायला ग्राफीन लागत नाही. टीडीएस पेन काहीशे रुपयांत मिळतं. नुसती क्लोराइड चढवलेली चांदीची तारही बरंच सांगते. आमच्या पट्टीने खारटपणा ओळखला तो बहुतांशी त्या तारेच्या खांद्यावर बसून. ग्राफीनचं काम तिथे सुरू होतं जिथे वर काहीतरी निवडणारं बसवलेलं असेल. फक्त पोटॅशियमला धरणाऱ्या व्हॅलिनोमायसिन या रेणूचा पडदा, किंवा कुठल्या एका रेणूला धरणारा दुसरा. मग खालचा हा उघडा, आत नसलेला, सगळ्याला दाद देणारा थर उपयोगी. कारण सगळ्याला दाद द्यायची वाटच वरच्याने बंद केलेली असते.

२२ मे

परवापासून पाऊस झोडपतोय. वीज जाऊन येऊन. आणखी दोन आठवडे विहीर खारी होत जाईल आणि दर तीन दिवसांनी पाणी आणू असा बेत होता, तो पाण्यात.

२७ मे

मान्सून २५ लाच तळकोकणात दाखल झाला, काल मुंबईतही. काकूंच्या विहिरीचं पाणी पोरांनी छत्री धरून आणलं. क्लोराइड १८०, पाणी गढूळ. गाळून मोजलं. पट्टीचा तळ इकडे तिकडे भरकटतोय: पावसाने जांभ्यातली बारीक माती आणली असणार, आणि मातीचे कण भारित असतात, ते ग्राफीनवर बसले की झालं. धुतलं तरी पहिल्या जागी येत नाही. ही पट्टी संपली असं धरतो.

लॅबमधली आर्द्रता ८८ टक्के. न वापरलेल्या पट्ट्या सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवल्या, बाहेर चिठ्ठी लावली: निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर भाजून पुन्हा घालणे. काकांनी चिठ्ठीखाली लिहिलं, तवा केमिस्ट्रीतून आणणे, घरचा नाही.

३० मे

अहवाल सादर. आलेख तीन: वक्र, ब्रिजविना सरक, ब्रिजसह सरक. तिसऱ्या आलेखावर बाहेरून आलेले परीक्षक बराच वेळ थांबले आणि त्यांनी एकच विचारलं, पट्टी बदलली तर ३२ चे ४१ का होतात? मुलीने डी शिखराचा आलेख काढून पुढे ठेवला.

पुढच्या वर्षासाठी: पाण्याआधी पट्ट्या एका रात्रीऐवजी दोन रात्री अ‍ॅसिटोनमध्ये धुणे, पीएमएमए कमी उरेल. काचेवर आणि पीईटीवर एकाच पत्र्यातले तुकडे उचलून सरक तुलना करणे. शेजारी बदलला की आकडा बदलतो का ते दिसेल. व्हॅलिनोमायसिनचा भाव विचारायचा आहे. पत्र्याचा अर्धा तुकडा शिल्लक आहे, कपाटात वरच्या खणात, बॉटनीच्या हर्बेरियमच्या मागे.